डोंगराच्या पायथ्याशी

आमचं गाव गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात. चोर्ला घाटाच्या पायथ्याशी, तिन्ही बाजूंनी डोंगर, घरामागून ओहोळ. पूर्वी हे मी ऐटीत सांगायचो. हल्ली कोणी विचारलंच तर ‘वाळपईच्या जरा पुढे’ एवढं पुटपुटतो. गोव्यात पाहुणे समुद्रासाठी येतात, हा किनाऱ्यावरच्या लोकांचा समज. समुद्राचा कंटाळा आला की ते आमच्याकडे येतात. समुद्रावर निदान लोळता तरी येतं. डोंगर दिसला की माणसांना तो चढावासाच वाटतो. त्यात गोव्यातलं सर्वांत उंच शिखर, सोसोगड, आमच्याच तालुक्यात!

पावसाळ्यात म्हादई नदी भरली की राफ्टिंग सुरू होतं आणि पुण्याच्या मावसभावाचा फोन येतो, “दादा, यंदा तूही बसायचंस हं.” जिच्या पुराला आमची आजी लांबूनच हात जोडायची, तिच्यात आपण पैसे भरून, हेल्मेट घालून उतरायचं. तेही परवडलं, कारण बसून असतं. धबधब्याला चालावं लागतं. 2023 च्या जुलैत वनखात्याने अभयारण्यांतले धबधबे बंद केले, तेव्हा ती बातमी सगळ्या नातेवाइकांना मीच तत्परतेने पाठवली होती. मावसभावाचं लगेच उत्तर, “मग अभयारण्याबाहेरचा एखादा बघू. तुला माहीत असेलच!”

गेलो. जळू चावलेली कळत नाही. पायमोज्याच्या विणीतून ती दोऱ्याएवढी होऊन आत शिरते आणि सुटते तेव्हा करंगळीएवढी टम्म झालेली असते. सुटल्यावरही रक्त थांबत नाही, कारण ते गोठू न देणारा रस ती आधीच सोडून गेलेली असते. वहिनींनी मीठ आणलं होतं, पण उकडलेल्या अंड्यांसाठी, कागदाच्या पुडीत. पुडी सोडेपर्यंत पावसाने त्याचं पाणी केलं. मावसभाऊ रक्ताळलेल्या घोट्याचे फोटो काढत होता, “प्युअर नेचर, दादा!” घोटा माझा होता.

ऑक्टोबरात कुळ्याहून दूधसागरच्या जीप सुटू लागतात. त्या रस्त्याबद्दल माझी कंबरच काय ते बोलेल.

थंडीत पक्षीवाले. पहाटे साडेपाचला कडी वाजते. मग आमच्याच कुळागरात, पोफळींखाली, माना वर करून उभं राहायचं आणि खोकला गिळायचा. मला दुर्बिणीतून फांदीच दिसते, पण ‘दिसला, दिसला’ म्हटल्याशिवाय चहाला सोडत नाहीत. एकदा मात्र ट्रोगन खरंच दिसला. हा पक्षी बराच वेळ जागचा हलत नाही, आणि बसतो तोही बहुधा आपल्याकडे पाठ करून. रानात मला मनापासून पटलेला प्राणी तोच.

उन्हाळ्यात तरी सुटका असावी, तर काजू पिकतात. बोंडू वेचायला वाकायचं आम्ही, त्यांचा ताजा रस, नीरो, प्यायचा पाहुण्यांनी आणि त्याचीच दारू, हुर्राक, चढली की सोसोगडाचा बेत आखायचाही त्यांनीच.

शेवटी वैतागून बायकोला म्हटलं, यंदा आपणच पाहुणे होऊ. पुण्याला, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट असलेल्या घरात. मावसभावाला फोन लावला. त्याला कोण आनंद!

“या ना दादा! सिंहगड बघितला नाहीस ना तू? पहाटे चारला निघू. अर्थात चालतच चढायचा!”