गेमवाले, आत या

नंबर लावताना मी नाव सांगितलं होतं, वय सांगितलं होतं, मोबाईल नंबरही दिला होता. तरी माझी पाळी आली तेव्हा काउंटरवरच्या मुलीने मान वर न करता पुकारलं, "गेमवाले, आत या!" फिजिओथेरपीच्या दवाखान्यातली झाडून सगळी बाकडी माझ्याकडे वळली. त्यातल्या ज्यांच्या माना आखडल्या होत्या, ते कमरेतून वळले.

फॉर्मवर 'दुखण्याचे कारण' असा रकाना होता. त्यात मी 'कॉम्प्युटरवरील काम' असं व्यवस्थित लिहिलं होतं. मुलीने विचारलं, "काम म्हंजे टायपिंग का?" मी म्हटलं, "टायपिंग, माऊस, सगळंच. दिवसभर ऑफिसात. शिवाय रात्री थोडा वेळ गेम." या उत्तरातली दिवसभराची नोकरी तिला ऐकूच आली नाही. माझं अक्षर खोडून तिने वर 'गेम' लिहिलं आणि त्याभोवती गोल केला.

दुखणं म्हणाल तर उजव्या मनगटाचं, अंगठ्याच्या बाजूचं. गाडीची किल्ली फिरवली की कळ, पकडीनं चहाचं पातेलं उचललं की कळ, लोणच्याच्या बरणीचं झाकण तर मी सणासुदीलाही उघडू शकत नव्हतो. पण या दुखण्याबद्दल मला फारशी तक्रार नाही. तक्रार आहे ती नंबर येईपर्यंत शेजारी बसलेल्या आबांबद्दल.

आबा सत्तरीचे. पांढरी टोपी, पांढरा सदरा आणि दोन्ही कान मोडलेले. कान मोडलेले म्हणजे पैलवान, हे कोल्हापुरात बालवाडीतल्या पोरालाही कळतं. त्यांचा गुडघा शेकायला आणला होता. गुडघ्याला वेळ होता, म्हणून तोंड मोकळं होतं.

"हाताला काय झालंय म्हणायचं, पाव्हणं?"

"मनगट दुखतंय, आबा."

"पडलासा?"

"नाही."

"गाडीवरनं?"

"नाही हो. खेळून."

'खेळून' म्हटल्याबरोबर आबा सरसावून बसले. दवाखान्यात निदान एक तरी आपला माणूस भेटला, असं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर आलं. "आसं बोला की! काय खेळतासा?"

मी आवाज बारीक केला. "कॉम्प्युटरवर."

"ते न्हवं. खेळ कंचा?"

"तोच. बंदुकीचा असतो. पाच जण इकडून, पाच जण तिकडून."

"आन् तुम्ही?"

"मी खुर्चीत."

"समोरचा?"

"तोही खुर्चीत. त्याच्या घरी."

"त्येचं घर कुठं आलं?"

"ते कळत नाही. एखादा दिल्लीचा असतो, एखादा सिंगापूरचा."

आबांनी छताच्या पंख्याकडे बघत बराच विचार केला. मग अतिशय शांतपणे, खरोखरच्या कुतूहलाने विचारलं, "मंग हात पिरगाळला कुणी?"

बाकडी हसली. खांदा आखडलेल्या एका गृहस्थांना हसताना कळ आली आणि त्याचाही राग त्यांनी माझ्यावरच काढला, डोळ्यांनी. मला खरं तर गप्प बसायचं होतं. पण कोल्हापूरच्या पैलवानासमोर आपला खेळ खेळच नाही असं ठरणं, तेही पंधरा लोकांच्या साक्षीने, हे जिव्हारी लागलं. मी म्हटलं, "आबा, कॉम्प्युटरवरचे खेळ एशियाडमध्ये आहेत. सरकारनं २०२२ साली मान्यता दिलीय."

"व्हय? मंग पदक आणलंय काय कुणी?"

"आणलंय की. २०१८ ला जकार्त्याला. भूजच्या एका मुलानं ब्राँझ आणलं." ते प्रदर्शनी सामन्यांतलं होतं आणि पदकतक्त्यात धरलं नव्हतं, एवढा तपशील मी गिळला.

"बंदुकीच्या खेळात?"

इथे मी अडकलो. तीर्थ मेहतानं ब्राँझ आणलं ते हार्थस्टोन नावाच्या गेममध्ये आणि तो गेम पत्त्यांचा आहे. "नाही," मी म्हटलं, "पत्त्यांच्या."

"तीन पानी?"

आता हसण्यात काउंटरवरची मुलगीही सामील झाली. आबा मात्र हसत नव्हते. ते गंभीर होते, हेच वाईट. "ब्राँझ आमच्या खाशाबांनीबी आणलंतं," ते म्हणाले. "१९५२ ला. हेलसिंकीला. त्ये बसून न्हाई आणलं."

खाशाबा जाधवांपुढे काय बोलणार? या जिल्ह्यात तरी काही बोलू नये.

मग आबांनी माझा हातच मागितला. मागितला म्हणजे घेतला. अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये माझं मनगट धरून त्यांनी ते उलटसुलट केलं, बाजारात दुधी बघावा तसं, आणि जमलेल्या मंडळींना जाहीर केलं, "हाडच न्हाई हो ह्येला!" नंतर मला म्हणाले, "मुदगल फिरवलायसा कधी?"

"नाही."

"मुदगल नुसत्या मनगटानं फिरवला की मनगट जातंय. खांद्यातनं फिरवायचा. मनगटानं नुसतं धरायचं. तुमचं त्ये उंदीर का काय, त्ये मनगटानं फिरवतासा?"

"हो."

"मंग जाणारच की." आणि लगेच, मी काही म्हणायच्या आत, "आणा हिकडं, एक झटका देतो, बसंल जाग्यावर." मी हात मांडीखाली दडपून बसलो. त्यावर आबांनी आंबेहळदीचा लेप, रुईचं पान आणि शेजारच्या गल्लीतला एक हाडवैद्य, असे तीन उपाय एकामागोमाग सांगितले. चौथा उपाय त्यांनी सांगितला नाही, पण तो 'कामधंदा बघा' असा होता, हे मला दिसत होतं.

समोरच्या बाकड्यावर एक तरुण मुलगी चार-पाच महिन्यांचं बाळ घेऊन बसली होती. तिच्या उजव्या हाताला अंगठ्यासकटचा पट्टा. शेजारी सासूबाई. आबांनी तिचीही चौकशी केली. सासूबाई म्हणाल्या, "बाळाला उचलून उचलून मनगट भरून आलंय पोरीचं." सगळ्या बाकड्यांनी एका सुरात चुकचुकून दाखवलं. आबा म्हणाले, "आईचं दुखणं, बाबा!" आणि टोपी सारखी केली. तिला कुणी झटका देऊ केला नाही.

याच वेळी ती हाक आली.

आत फिजिओथेरपिस्ट मॅडम होत्या, वयाने माझ्या पुतणीएवढ्या. त्यांनी आधी विचारलं की बोटं बधिर होतात का, रात्री मुंग्यांनी जाग येते का. अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांना मुंग्या येत असतील तर मनगटातल्या बोगद्यात मज्जातंतू दाबला जातोय असं समजतात. त्या बोगद्यातून एक मज्जातंतू आणि नऊ स्नायुबंध दाटीवाटीने जातात म्हणे, सहासीटर रिक्षाची लाज राखावी अशी सोय. माझं ते नव्हतं. मग म्हणाल्या, "अंगठा मुठीत घ्या आणि मूठ करंगळीकडे वाकवा." मी वाकवली. जे ओरडलो ते बाहेर आबांपर्यंत नक्की गेलं.

"डी क्वेरव्हेन," मॅडम म्हणाल्या. १८९५ साली स्वित्झर्लंडच्या फ्रिट्झ डी क्वेरव्हेन नावाच्या सर्जनने हे दुखणं लिहून ठेवलं. म्हणजे माऊस जन्माला यायच्या कितीतरी आधी. अंगठा हलवणारे दोन स्नायुबंध मनगटाच्या कडेला एका अरुंद म्यानातून जातात. तेच तेच करून ते म्यान जाड होतं आणि आत घासाघीस सुरू होते. "बाळ झाल्यावर आयांना खूप होतं हे," त्या म्हणाल्या. "बाहेर एक ताई बसल्यात ना? सेम."

सेम! एकच म्यान, एकच घासाघीस, एकच पट्टा, वर फीही एकच. तिला 'आईचं दुखणं' आणि मला 'हात पिरगाळला कुणी'. मला त्या मुलीचं काही काढून घ्यायचं नाही. बाळ उचलायलाच हवं. पण चुकचुकण्यातला थोडा भाग इकडे वळवला असता तर कुणाचं काय गेलं असतं?

दिवसभराचा हिशेब सांगा म्हणाल्या, म्हणून सांगितला. ऑफिसात नऊ तास. फौंड्रीच्या अकाउंट्समध्ये एक्सेलच्या ओळी खाली ओढत, जीएसटीच्या पोर्टलवर चक्र फिरताना बघत, माऊस गच्च धरून. रात्री दीड तास गेम. मॅडम म्हणाल्या, स्नायुबंधाला ऑफिस कुठलं नि गेम कुठला हे कळत नाही, एकूण वापर कळतो. त्यांना कळलं म्हणून मी हुरळलो, तोवर त्यांनी कागदावर पहिली सूचना लिहिली : 'गेम बंद, तीन आठवडे.' नऊ तासांना हात लावला नाही. साहेबांना एवढं एक वाक्य लिहून द्या म्हटलं, तर हसल्या.

हेच मला सगळीकडे दिसतं. २००४ मध्ये सचिनला टेनिस एल्बो झाला तेव्हा पानपट्टीवरचा माणूसदेखील कोपराची रचना समजावून सांगत होता. कोपर ते कोपर, आणि मनगट म्हणजे थेर? व्हिडिओ गेममुळे मनगट दुखतं हे अमेरिकेतल्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात १९८१ सालीच 'स्पेस इन्व्हेडर्स रिस्ट' या नावाने छापून आलंय. डॉक्टरांनी छापलंय, गंमत म्हणून का होईना. कॉल ऑफ ड्यूटी खेळणारा झूमा नावाचा अमेरिकन व्यावसायिक खेळाडू हात आणि अंगठ्यापायी २०२१ मध्ये निवृत्त झाला, ऐन पंचविशीत. आमच्या घरात ही माहिती सांगितली तर आई म्हणाली, "बरं झालं. सुटला."

बाकीच्या सूचना ठीक होत्या. महिनाभर अंगठ्यासकटचा पट्टा. दुखल्यावर कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं बर्फ. कोपर साधारण काटकोनात, मनगट सरळ, ना वर ना खाली. कीबोर्डच्या मागचे ते दोन छोटे पाय मिटवून ठेवायचे. ते उघडले की मनगट मागे मोडतं. सगळं जग ते पाय उघडून बसतं, कारण ते दिले आहेत म्हणून. माऊस कीबोर्डच्या शेजारी, त्याच पातळीवर.

त्याच पातळीवर! आमच्याकडे 'कॉम्प्युटर टेबल' म्हणून जे विकतात त्याला खाली एक सरकता ड्रॉवर असतो. त्यात कीबोर्ड बरोब्बर बसतो आणि माऊसला जागा उरत नाही. मग माऊस वर, कीबोर्ड खाली, उजवा खांदा कानाशी. ज्या सुताराने हे पहिलं टेबल केलं त्याने आयुष्यात माऊस धरला नसणार आणि त्याच्यानंतरच्या सगळ्यांनी माप त्याच्याकडूनच घेतलं. मी फर्निचरवाल्याला विचारलं होतं. तो म्हणाला, "लॅपटॉप घ्या की साहेब."

शेवटची सूचना मॅडमनी स्वतःहून सांगितली, बंदुकीचे गेम त्यांच्या भावालाही ठाऊक होते म्हणून. माऊसचा डीपीआय, म्हणजे माऊस किती हलवला की पडद्यावर किती सरकतं ते माप, उतरवा. तो फार चढा असला की एवढ्याशा झटक्यात नजर गर्रकन फिरते आणि तो झटका दर वेळी मनगट देतं. उतरवला की आख्खा हात हलवावा लागतो, कोपरातून, खांद्यातून. "मनगटानं फक्त धरायचं," त्या म्हणाल्या.

मी काही बोललो नाही. मुदगलाचा सल्ला फुकट मिळाला होता, इथे साडेचारशे रुपये झाले होते. बाहेर आलो तर आबा गुडघ्यावर शेक घेत पडद्याआडून ओरडले, "काय म्हणाल्या, पाव्हणं?" "खांद्यातनं फिरवायचा म्हणाल्या," असं मी सांगितलं असतं तर ती गोष्ट त्या संध्याकाळी तालमीत गेली असती आणि पुढची दहा वर्षं तिथेच राहिली असती. म्हणून मी "आराम सांगितलाय" म्हटलं आणि जिना उतरलो.

तीन आठवडे झाले. पट्टा आता फक्त रात्री आहे. पातेलं उचलता येतं. गेम परत सुरू केलाय, डीपीआय ३२०० वरून ८०० वर. व्यावसायिक पोरं बहुतेक ४००-८०० वरच खेळतात, त्यामुळे आकडा तरी त्यांच्या रांगेतला झाला. पण आता मागे वळायचं तर माऊस टेबलावरून दीड वीत ओढावा लागतो आणि वाटेत चहाचा कप येतो. कप सरकवून मी वळेपर्यंत मागून आलेल्याने मला मारून पुढची दोन माणसंही मारलेली असतात. काल आमच्याच बाजूचं एक पोरगं, आवाजावरून आठवीतलं असेल, माईकवर म्हणालं, "अंकल, आपको पीछे देखने का बटन नहीं मिल रहा क्या?" दुसऱ्याने त्याला समजावलं, "रहने दे यार, इनका हाथ दुखता है." आणि मग दोघंही हसले, बराच वेळ, माईक चालू ठेवून.