नजर पडली म्हणून इलेक्ट्रॉन लाजत नाही

दर दोन-चार महिन्यांनी एक फॉरवर्ड फिरून येतो. मजकूर साधारण असा: दोन फटींतून इलेक्ट्रॉन सोडले की पडद्यावर लहरींसारखे पट्टे उमटतात. पण शास्त्रज्ञ 'पाहायला' लागले की इलेक्ट्रॉनला ते कळतं, तो मुकाट कण होतो आणि पट्टे गायब! म्हणजे जाणीवच वास्तव घडवते. विचार बदला, विश्व बदलेल. खाली हात जोडलेले इमोजी. यातलं पहिलं वाक्य बरोबर आहे. गडबड त्याच्या पुढे सुरू होते.

'पाहिलं की...' सगळा घोळ या शब्दाचा आहे. इलेक्ट्रॉन डोळ्यांनी कोणालाच दिसत नाही. तो कुठल्या फटीतून गेला हे कळायला त्याच्यावर प्रकाश टाकावा लागतो, नाहीतर दुसऱ्या कशाशी तरी त्याची गाठ घालून द्यावी लागते. त्या गाठीत त्याच्या वाटेची खूण बाहेर कुठेतरी उमटते. उमटली की पट्टे गेले. मग ती खूण कोणी वाचो, न वाचो.

याचा झकास पुरावा व्हिएन्नाचा आहे. २००४ साली मार्कुस आर्न्ट, आंतोन त्सायलिंगर आणि सहकाऱ्यांनी ७० कार्बन अणूंचे लांबट चेंडूसारखे रेणू घेतले. हे एवढे धिप्पाड रेणूसुद्धा पट्टे उमटवतात. मग त्यांनी वाटेतच लेझरने ते तापवले. लोखंड तापलं की लाल होतं, तसा तापलेला रेणूही जाता जाता प्रकाश टाकतो आणि आपण कुठे आहोत याची चहाडी करतो. तापमान वाढलं तसे पट्टे फिकट होत गेले आणि ३००० केल्विनच्या आसपास जवळपास पुसले गेले. तो प्रकाश पाहायला तिथे कोणीच बसलेलं नव्हतं. मग ही जाणीव कोणाची, उपकरणाच्या भिंतींची?

'लहर होती, तिचा कण झाला.' असा वेष बदलण्याचा खेळ तिथे चालत नाही. जपानमध्ये हिताचीच्या प्रयोगशाळेत अकिरा तोनोमुरांनी १९८९ मध्ये इलेक्ट्रॉन इतके विरळ सोडले की उपकरणात एका वेळी बहुधा एकच असायचा. दोन फटींचं काम एका अतिबारीक, विद्युतभारित तारेने केलं: वाटा दोन, तारेच्या अलीकडून आणि पलीकडून. पडद्यावर दर वेळी एकच ठिपका पडतो, टप्पोरा, कणासारखा. पहिले काही ठिपके म्हणजे नुसता सांडलेला रवा. हजारो जमले की त्याच रव्यातून पट्टे वर येतात. कणपण आणि तरंगपण एकाच प्रयोगात, एकाच पडद्यावर. यालाच भौतिकशास्त्रात 'द्वैत' म्हणतात. तो शब्द दिसला की आपल्याकडे लगेच अद्वैत शोधायला निघतात, ते वेगळंच.

'विचारांनी वास्तव बदलतं.' पुढचा ठिपका नेमका कुठे पडेल हे तोनोमुरांनाही ठरवता येत नव्हतं. कुठे पडायची शक्यता किती, एवढंच गणित सांगतं, आणि ते गणित कोणाच्या इच्छेला भीक घालत नाही.

एक गोष्ट मात्र फॉरवर्डवाल्यांच्या बाजूने मान्य करायला हवी. मोजमापात जाणिवेचा हात असावा, असं युजीन विग्नर यांच्यासारख्या मोठ्या भौतिकशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये खरंच मांडलं होतं. पुढे त्यांनी स्वतःच ती बाजू सोडली. मोजमापाच्या क्षणी नेमकं काय घडतं यावर आजही वाद आहेत, पण ते समीकरणांच्या अर्थावरून आहेत, सकारात्मक विचारांवरून नाहीत.

'आपणही लहरीच आहोत' अशी शेपटी कधीकधी जोडलेली असते. गणिताने हो. १६० ग्रॅमचा क्रिकेटचा चेंडू सेकंदाला ४० मीटर वेगाने टाकला तर त्याची तरंगलांबी मीटरमध्ये लिहायला दशांशचिन्हानंतर ३३ शून्यं लागतात, मग एक. फलंदाजाने काळजी करू नये.

हवं तर तोनोमुरांच्या तारेचा प्रयोग घरी प्रकाशावर करा. लाल लेझर पॉइंटरच्या तोंडावर एक केस ताणून चिकटवा आणि झोत भिंतीवर टाका; डोळ्यांत नको. केसाच्या दोन्ही बाजूंनी गेलेला प्रकाश भिंतीवर काळे-लाल पट्टे काढतो. सगळं घर टक लावून बसलं तरी पट्टे जागचे हलत नाहीत. उलट ते मोजता येतात: भिंत २ मीटरवर असेल आणि दोन काळ्या पट्ट्यांमधलं अंतर २ सेंटीमीटर भरलं, तर केस साधारण ०.०६५ मिलिमीटर जाड.