सात नॅशनल पार्क नकोत, एक डोंगररांग पुरे

मे महिना आला की अमेरिकेतल्या आपल्या मराठी ग्रुप्सवर एक प्रश्न हमखास फिरायला लागतो. "आईबाबा भारतातून येतायत, आठ-नऊ दिवसांची सुट्टी आहे, डेन्व्हरहून रोड ट्रिप करायची आहे, प्लॅन बघून सांगा." खाली प्लॅन असतो: रॉकी माउंटन, आर्चेस, कॅनियनलँड्स, ब्राइस, झायन, ग्रँड कॅनियन आणि परतताना वाटेत आहेच म्हणून मेसा वर्दे. रोज नवं हॉटेल, रोज सकाळी सहाला बॅगा डिकीत.

असे प्लॅन वाचले की मला मनापासून वाईट वाटतं. करणाऱ्याची तळमळ खरी असते. आपण इथे ज्या डोंगरदऱ्या बघितल्या त्या आईबाबांनाही दाखवाव्यात, एवढीच इच्छा असते. पण या प्लॅनमध्ये आईबाबांना डोंगर दिसतात ते मागच्या सीटवरून, पळत्या खिडकीतून. प्रत्येक पार्कात एक फोटो, एक फ्रिज मॅग्नेट, आणि पुढच्या पार्काची घाई.

माझं म्हणणं सरळ आहे. पार्कांची संख्या सोडा. एकच डोंगररांग निवडा, तिच्याभोवती एक वर्तुळ आखा, आणि त्यातल्या गावांत मुक्काम करा. कोलोराडोच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातली सॅन हुआन रांग यासाठी इतकी चांगली आहे की मी विचारणाऱ्या प्रत्येकाला तीच सांगते.

तिथला रस्ता म्हणजे सॅन हुआन स्कायवे. रिजवे, टेल्युराइड, कोर्टेझ, ड्युरँगो, सिल्व्हर्टन, यूरे आणि पुन्हा रिजवे असं साधारण २३५ मैलांचं वर्तुळ. फोनवरचा नकाशा म्हणेल, पाच-सहा तासांचं काम आहे. तुम्ही पाच-सहा दिवस द्या.

आता हे वर्तुळ कुठल्या बाजूने फिरायचं, याचा विचार फार कमी जण करतात. खरा प्लॅन तिथूनच सुरू होतो. यूरे ते सिल्व्हर्टन हा यूएस ५५० चा तुकडा, ज्याला मिलियन डॉलर हायवे म्हणतात, नवख्या ड्रायव्हरच्या छातीत धडकी भरवणारा आहे. इथे गाड्या उजवीकडून चालतात, त्यामुळे यूरेहून दक्षिणेला निघालात तर तुमची लेन दरीच्या बाजूला येते. पांढरी पट्टी, तिच्या पलीकडे वीतभर डांबर, आणि पुढे काही नाही. बऱ्याच ठिकाणी कठडाच नाही, कारण हिवाळ्यात नांगर लावलेले ट्रक रस्त्यावरचा बर्फ कडेवरून खाली ढकलतात आणि कठडा असला तर तो ढकलायला जागा उरत नाही. त्या ट्रकांवर काम करताना हिमकडा कोसळून गेलेल्या चालकांचं एक स्मारक याच रस्त्याच्या कडेला आहे. तिथे आवर्जून थांबा. हा रस्ता चालू ठेवायला काय किंमत मोजावी लागली, ते कळतं.

तोच रस्ता सिल्व्हर्टनहून यूरेकडे उत्तरेला केलात तर तुमची लेन डोंगराला लागून असते. वळणं तीच, रेड माउंटन पासची ११,००० फुटांची उंचीही तीच, पण स्टिअरिंगवरचे हात सैल राहतात. म्हणून वर्तुळ घड्याळाच्या काट्याच्या उलट फिरा: रिजवेहून आधी पश्चिमेला टेल्युराइड, मग खाली कोर्टेझ, पूर्वेला ड्युरँगो, वर सिल्व्हर्टन, आणि शेवटी यूरे.

या दिशेचा आणखी एक फायदा आहे, आणि आईबाबा सोबत असतील तर माझ्या मते तोच मोठा: उंची. डेन्व्हर ५,२८० फुटांवर. तिथून पहिल्या दिवशी सलायडापर्यंतच जा, ते ७,००० फुटांवर आहे. टेल्युराइड ८,७५० च्या आसपास. मग कोर्टेझ आणि ड्युरँगो पुन्हा सहा-साडेसहा हजारांवर, म्हणजे शरीराला मध्ये दोन-तीन दिवस विसावा. सिल्व्हर्टन ९,३०० फुटांवर आहे, तिथे पोहोचेपर्यंत सगळे रुळलेले असतात.

आपल्याकडची साठी-सत्तरीतली माणसं कुरकुर करत नाहीत, हे फार ध्यानात ठेवा. एका मैत्रिणीचे आईवडील विमानातून उतरल्यावर दुसऱ्याच दिवशी रॉकी माउंटन पार्कातल्या ट्रेल रिज रोडवर गेले होते, मीही सोबत होते. वरच्या व्हिजिटर सेंटरजवळून टेकडीवर जाणाऱ्या पायऱ्या आहेत. काका चार पायऱ्या चढले, कठड्याला धरून थांबले, आणि आम्ही विचारलं तर म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे, मी इथून बघतो." ओठ सुकलेले, बोलणं तुटक. आम्ही सगळे लगेच खाली उतरलो. खालच्या एस्टेस पार्क गावात येईपर्यंत ते गप्पा मारायला लागले होते. उंचीच्या त्रासावर खाली उतरणं हाच खरा उपाय. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा काही त्रास असेल तर तिकीट काढायच्या आधी डॉक्टरांशी बोला.

ट्रेल रिज रोड सुंदर आहे, त्यात वाद नाही. १२,१८३ फुटांपर्यंत डांबरी रस्ता, झाडांची हद्द संपल्यावर नुसतं गवत, खडक आणि वारा. पण तो सहलीच्या शेवटी ठेवा, परत डेन्व्हरला आल्यावर. साधारण मेअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतच तो पूर्ण उघडा असतो. उन्हाळ्यात तिथे गेली काही वर्षं वेळ ठरवून परवाना घ्यावा लागतोय, तेव्हा नॅशनल पार्क सर्व्हिसच्या साइटवरचं त्या मोसमाचं पान वाचल्याशिवाय निघू नका. २०२६ पासून आणखी एक बदल आहे. अमेरिकेत राहत नसलेल्या, १६ वर्षं किंवा त्याहून जास्त वयाच्या पाहुण्यांकडे वार्षिक पास नसेल तर ११ गर्दीच्या पार्कांत नेहमीच्या प्रवेश शुल्काशिवाय दरडोई १०० डॉलर लागतात. त्यांच्यासाठीचा वार्षिक पास २५० डॉलरचा, इथल्या रहिवाशांसाठी ८०. रॉकी माउंटन, झायन, ब्राइस, ग्रँड कॅनियन ही सगळी त्या यादीत आहेत. मेसा वर्दे आणि ब्लॅक कॅनियन नाहीत.

ब्लॅक कॅनियनचं नाव काढलं की लोक विचारतात, ते काय असतं? सलायडाहून रिजवेकडे जाताना मॉन्ट्रोजच्या आधी ते लागतं, आणि बहुतेक जण सरळ पुढे निघून जातात. गनिसन नदीने अतिशय कठीण, प्राचीन खडक कापून केलेली ही घळ इतकी अरुंद आहे की तळाशी एके ठिकाणी ती जेमतेम ४० फूट रुंद आहे. समोरचा पेंटेड वॉल नावाचा कडा २,२५० फूट सरळ उभा, काळ्या दगडात गुलाबी-पांढऱ्या शिरा गेलेल्या. ग्रँड कॅनियनला आपण दूरवर पसरलेलं बघतो. इथे वाकून बघावं लागतं, आणि खालून नदीचा आवाज वर येतो. दक्षिण काठाने सातेक मैलांचा रस्ता आहे. त्यावर बघायच्या जागा बऱ्याच आहेत आणि बहुतेकांना थोडंसंच चालावं लागतं. गुडघे दुखणाऱ्यांसाठी याहून चांगलं पार्क मला माहीत नाही.

कोर्टेझजवळच्या मेसा वर्देला मात्र तयारी लागते. क्लिफ पॅलेस या कड्याच्या कपारीतल्या जुन्या वस्तीत उतरायचं असेल तर रेंजरसोबतच्या टूरचं तिकीट हवं आणि ते रिक्रिएशन डॉट गव्हवर १४ दिवस आधी सकाळी ८ वाजता खुलतं. अलार्म लावून बसा. तिकिटावरची वेळ टूरची असते, गेटची नव्हे. हायवेवरच्या गेटपासून ती जागा डोंगरातल्या रस्त्याने पाऊण-एक तास आत आहे. ज्यांना शिड्या चढवणार नाहीत त्यांनी बाल्कनी हाउसच्या वाटेला जाऊ नये, तिथे ३२ फुटांची शिडी आहे आणि एका बोगद्यातून रांगत जावं लागतं. पण शिडी न चढताही बघायला भरपूर आहे: संग्रहालयाजवळून दिसणारं स्प्रूस ट्री हाउस, आणि सन पॉइंटवरून समोरच्या कड्यांच्या कपारींत एकामागून एक दिसणारी घरं.

ती घरं बघताना पाट्या वाचा, रेंजरला प्रश्न विचारा. बाराव्या-तेराव्या शतकात कपारींत दगड-मातीची घरं बांधणारे हे लोक "गूढरीत्या नाहीसे झाले" असं अजूनही सांगितलं जातं. ते नाहीसे झाले नाहीत. दुष्काळ आणि इतर अडचणींमुळे तेराव्या शतकाच्या शेवटी ते दक्षिणेकडे सरकले. आज न्यू मेक्सिको आणि ॲरिझोनात राहणाऱ्या पुएब्लो लोकांचे ते पूर्वज, आणि ही जागा त्यांच्यासाठी जिवंत आहे. तीच गोष्ट यूरेची. गावाचं नाव यूट जमातीच्या प्रमुखाचं, पण १८७३ च्या करारात सोन्या-चांदीच्या खाणींसाठी सॅन हुआन डोंगर यूट लोकांच्या हातून गेले, आणि १८८१ मध्ये त्या प्रमुखाच्या लोकांना युटामध्ये हाकलून दिलं गेलं. डोंगरावर जागोजागी दिसणाऱ्या पडक्या लाकडी खाणी फोटोत छान येतात. त्यांच्यामागे हे सगळं आहे, आणि ते मुलांनाही सांगायला हवं.

गावांत मुक्काम करा हा माझा हट्ट का, ते सिल्व्हर्टनला कळतं. ड्युरँगोहून नॅरोगेज रेल्वे येते, १८८२ पासूनचा ४५ मैलांचा मार्ग, एका बाजूला साडेतीनेक तास. दुपारी गाडी आली की गावात पाय ठेवायला जागा नसते. दोनेक तासांनी ती शिटी देऊन परत निघते आणि तिच्याबरोबर सगळी गर्दीही जाते. मग ब्लेअर स्ट्रीटवर या. तो रस्ता अजून मातीचाच आहे. दुकानदार बाहेरच्या पाट्या आत घेत असतात, कुणाचं तरी कुत्रं रस्त्याच्या मधोमध आडवं पडलेलं असतं, तुम्हाला कुठून आलात विचारलं जातं. आणि मग वेळ असल्यामुळे माणसं बोलतात. शेवटची मोठी खाण १९९१ मध्ये बंद पडल्यावर गावाने कसे दिवस काढले ते, आणि २०१५ च्या ऑगस्टमध्ये गोल्ड किंग खाणीतलं घाण पाणी फुटून ॲनिमस नदी नारिंगी झाली तेव्हाचं. हे दोन तास थांबणाऱ्याला कुणी सांगत नाही.

रेल्वेत बसायचं असेल तर त्यासाठी ड्युरँगोत एक जादा रात्र धरा, कारण जाऊन-येऊन सबंध दिवस जातो. तो दिवस टेल्युराइडमधून कापू नका. तिथून माउंटन व्हिलेजला जाणारी गोंडोला फुकट आहे आणि वरून सगळं खोरं दिसतं. तिकीट नाही, म्हणून आईबाबांना तीनदा नेलं तरी कुणाला "पैसे वाया गेले" वाटत नाही.

दिवसाची आखणी मैलांवर करू नका, घड्याळावर करा. जुलै-ऑगस्टमध्ये या डोंगरांवर दुपारी वीज-वादळं येतात, सकाळी आकाश निरभ्र असलं तरी. घाटमाथे, उंचावरच्या पायवाटा, सगळं दुपारच्या आत उरका. अंधार पडायच्या आत गाडी मुक्कामी लावा, संध्याकाळी हरणं रस्त्यावर येतात. उतारावर गिअर खालचा ठेवा, ब्रेकवर पाय दाबून बसू नका. कोलोराडोतल्याच पाइक्स पीक या शिखरावरून उतरताना वाटेत थांबवून ब्रेक किती तापलेत ते तपासतात, ते उगीच नाही. नकाशे फोनवर आधीच उतरवून घ्या, खिंडीत सिग्नल मिळत नाही.

यावर मला दरवेळी एकच उत्तर मिळतं: "अगं, ते पुन्हा येतील की नाही कुणास ठाऊक. एकदाच तर येतायत, सगळं दाखवून घेऊ." मी हे समजू शकते. व्हिसा, वय, तब्येत, इतक्या लांबचा प्रवास, सगळं खरं आहे. पण एकदाच येणार असतील तर माझा आग्रह दुप्पट होतो. त्यांना तुमच्याबरोबर वेळ हवा असतो. गाडीत तुमचं लक्ष रस्त्यावर, हॉटेलात तुम्ही उद्याच्या बुकिंगमध्ये, पार्कात पार्किंग शोधण्यात. एका गावात दोन रात्री राहिलात की दुसऱ्या सकाळी कुणाला कुठे पोहोचायचं नसतं. बाबा स्वतःहून कोपऱ्यापर्यंत फिरून येतात, आल्यावर काय बघितलं ते सांगतात. आई यूरेच्या गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसते, आणि तुम्हीही बसता.

आर्चेस राहील, झायन राहील. राहू दे.

यंदा सप्टेंबरात जायचा विचार असेल तर महिन्याचा शेवटचा आठवडा बघा, रिजवे आणि टेल्युराइडच्या मधल्या डॅलस डिव्हाइडवर ॲस्पेनची झाडं पिवळीधमक झालेली असतात. मोसम वर्षागणिक थोडा मागेपुढे होतो. त्या दिवसांत टेल्युराइड आणि यूरेच्या खोल्या सगळ्यात आधी संपतात, म्हणून त्या दोन गावांच्या रात्री आधी पक्क्या करा, आणि मेसा वर्देचं तिकीट कोणत्या तारखेला खुलतं ते आजच कॅलेंडरवर टाकून ठेवा. पहिला मुक्काम कुठे, याबद्दल घरात वाद झाला तर माझं मत सलायडाला.