दोन कोटींची गिटार सांभाळायची कशी

तर भो, पैसा आलाय. केळीला औंदा भाव लागला असेल नाहीतर हायवेत जमीन गेली असेल, आम्हाला काय करायचंय. फॉर्च्युनर झाली, जळगावात प्लॉट झाला, घरात सोनंही झालं. आता असं काहीतरी घ्या जे अख्ख्या तालुक्यात कोणाकडे नाही आणि ते काय आहे हे कोणाला कळणारही नाही. जुनी इलेक्ट्रिक गिटार घ्या.

जुनी म्हणजे कुठलीही नाही हां. कॉलेजच्या गॅदरिंगला बडवलेली ती कोलकात्याची गिवसन माळ्यावर पडलीय, तिला पडू द्या. तुम्हाला पाहिजे अमेरिकेतल्या गिब्सन कंपनीची लेस पॉल स्टँडर्ड, सनबर्स्ट म्हणजे मध्ये पिवळा न् कडेला लाल रंग मारलेली, १९५८ ते १९६० मधली, त्यातही १९५९ चीच. गंमत बघा, तेव्हा ही अडीचशे-पावणेतीनशे डॉलरला मिळायची तरी खपेना, म्हणून कंपनीने १९६० नंतर ते डिझाईनच बदलून टाकलं. मग एरिक क्लॅप्टन, जिमी पेज असल्या विलायती रॉक गिटारवाल्यांनी तिला मोठ्या आवाजात वाजवली, लोक वेडे झाले, आणि आज चांगली निघाली तर कोटींच्या खाली बोलणंच नाही. म्हणजे वाजवल्यामुळे जिचा भाव चढला ती आता तुम्ही वाजवायची नाही. एवढं एक पाळलं तरी निम्मं काम झालं.

रंग उडालेला असेल तर जास्त पैसे द्या. त्या वर्षांतला लाल रंग कच्चा होता, उन्हाने उडून पिवळा पडला. दोन धुण्यात असा रंग गेलेली साडी तुम्ही दुकानदाराच्या टेबलावर आपटली असती, पण इथे त्या पिवळ्याला लेमन ड्रॉप म्हणायचं आणि मान डोलवायची. चुकून कोणी हौशी पेंटरकडून नवा रंग मारून आणला की किंमत निम्म्यावर आलीच समजा.

आता ओरिजिनलपणा. आवाज कमी-जास्त करायच्या बटणाखाली 'पॉट' नावाचा पार्ट असतो, त्यावर नंबर असतो, १३७ ने सुरू झाला तर सीटीएस कंपनीचा, ३०४ असेल तर स्टॅकपोलचा, आणि पुढच्या आकड्यांत वर्ष न् आठवडा. हा नंबर पाठ करा, गाणं एकही नाही आलं तरी चालतं. पिकअप म्हणजे तारांचा आवाज पकडणारा पार्ट, त्याच्या खाली एक छोटं स्टिकर पाहिजे, त्यावर 'पेटंटसाठी अर्ज केलाय' अशा अर्थाचं इंग्रजी लिहिलेलं असतं. पेटंट १९५९ लाच मिळालं तरी कंपनी पुढची दोन-तीन वर्षं तेच स्टिकर चिकटवत राहिली, आणि नंतर पेटंट नंबर छापला तोसुद्धा भलत्याच पार्टचा, तारा जिच्यावर टेकतात त्या ब्रिजचा. आपल्या ऑफिसांना उगाच नावं ठेवतो आपण. ते स्टिकर बघायला पिकअप उचकटावा लागतो, पण उचकटला की 'कोणी हात लावलाय' म्हणून भाव पडतो, तेव्हा ते आहे असं मानून सुखाने झोपा.

कोणी म्हणेल, पिंक फ्लॉइड बँडवाल्या डेव्हिड गिलमोरच्या काळ्या स्ट्रॅटोकास्टर गिटारीचं काय? तिची नेक बदलली, पिकअप बदलले, बॉडीला भोक पाडलं, तरी २०१९ च्या लिलावात जवळपास चाळीस लाख डॉलरला गेली. खरंय. पण ती भोकं गिलमोरची होती, तुमचं भोक ते नुसतं भोक.

हवेचं मात्र आपल्याकडे अवघड आहे. ह्या गिटारीला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता लागते म्हणे, आणि आपल्याकडे भुसावळचा मे महिना, पारा ४५ च्या वर, लाकूड आक्रसतं, फ्रेटची, म्हणजे दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची, टोकं बाहेर येऊन बोटाला लागतात, एसीतून एकदम उन्हात काढली तर लॅकरला तडे. म्हणून एसी गिटारीच्या खोलीत आणि कूलर आबांना. आबा काही बोलणार नाहीत, फार तर अंगणात खाट टाकतील. इन्व्हर्टरही त्याच खोलीला जोडा, लाईटीचा भरवसा नाही.

फिंगरबोर्ड, म्हणजे बोटं दाबायची दांड्यावरची पट्टी, ब्राझिलियन रोझवूडचा असतो. त्या लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९२ पासून कडक बंदी आहे, त्यामुळे देशाबाहेर विकायची तर परवान्यांचे कागद. म्हणजे वाजवताही येत नाही आणि सहज विकताही येत नाही, इन्व्हेस्टमेंट म्हणतात ती हीच.

आखाजीला पाव्हणे येतील. पेटी उघडून दाखवा, पण लांबूनच, कारण शेवभाजीचा हात कुठे पुसला जाईल सांगता येत नाही. एक मामा विचारतीलच, "हाई काय शे भो? कितलाले लिधी?" खरा आकडा सांगू नका, पुढच्या लग्नात उसने मागतील. आणि भाच्याने "मामा, वरातीत बँडवाल्यांसोबत वाजवू का" म्हटलं तर शांतपणे सांगा की सोबतचा जुना अ‍ॅम्प अमेरिकेतला, ११७ व्होल्टचा, आपल्या २३० वर लावला की धूरच निघेल. स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर धुळ्यात मिळतो हे त्याला कळू देऊ नका.