कोबोल नेता का, ताई?

अप्पा बळवंत चौकातल्या एका जुन्या पुस्तकवाल्याने माझ्या चार वर्षांच्या इंजिनिअरिंगचे एकशे सत्तर रुपये दिले. रकमेबद्दल माझं फारसं म्हणणं नाही. ज्या तऱ्हेने दिले त्याबद्दल आहे, आणि ते मी सविस्तर सांगणार आहे, कारण ऑफिसात कुणाला वेळ नाही आणि रूममेट 'अगं, सोड ना' यापलीकडे जात नाही.

पीजी बदलायचा होता, नव्या खोलीत वाट्याला निम्मं कपाट, म्हणून पुस्तकं काढली. वाकडहून मनपाची बस, पाऊस, दोन पिशव्या, त्यातली एक शनिवारवाड्यासमोर फाटली. पोचले.

पुस्तकवाला पन्नाशीचा, चष्मा कपाळावर आणि तो तिथेच ठेवून काम करणारा. पुस्तक उघडून बघायची त्याला गरजच पडत नव्हती. कडेवर नजर टाकायची आणि डावीकडे किंवा उजवीकडे भिरकावायचं.

"एम-वन, एम-टू रद्दी. बीईई रद्दी. ग्राफिक्स रद्दी."

"अहो, एकही पान फाटलेलं नाहीये."

"उघडलंच नाही तर फाटेल कशाला? पॅटर्न कुठला तुमचा, अभ्यासक्रम कुठल्या सालचा?"

"2019."

"आता 2024 चा आलाय, ताई. फर्स्ट इयर, सेकंड इयर गेलंच म्हणून समजा. ही टीओसी राहू द्या, बॅकलॉगवाले येतात अजून."

माझं डोळ्यांत तेल घालून केलेलं डिस्टिंक्शन एका बाजूला आणि बॅकलॉगवाल्यांची सोय एका बाजूला. चला, कुणाच्या तरी कामी येतंय. पण मग पिशवीच्या तळातून फायनल इयरच्या प्रोजेक्टचा रिपोर्ट निघाला. काळं रेग्झिन, त्यावर सोनेरी अक्षरं. पानाच्या फोटोवरून पिकावरचा रोग ओळखणं हा विषय. त्या वर्षी निम्म्या वर्गाने हाच प्रोजेक्ट केला होता, उरलेल्या निम्म्यांनी गाडीची नंबरप्लेट ओळखली होती. आमचं मॉडेल टोमॅटोवरचा करपा उत्तम ओळखायचं, फक्त फोटो आम्ही दिलेलाच पाहिजे.

"हा रद्दीतसुद्धा जात नाही," तो म्हणाला. "रेग्झिनचा लगदा होत नाही. पुठ्ठे काढून द्या." आणि त्याने मला कटर दिला. स्वतः कापायचीही तसदी नाही! मी दुकानाच्या पायरीवर उभी राहून माझं बी.ई. सोलत होते. बाइंडरने डिंक मात्र हात राखून वापरला नव्हता. पुठ्ठ्याला चिकटून सर्टिफिकेटचं पान निघालं, गाइडसरांच्या सहीसकट. ते मी गुपचूप पर्समध्ये टाकलं. का, ते विचारू नका.

"नोकरी लागली?" त्याने विचारलं.

"हो. हिंजवडीत. फेज टू."

"कशावर?"

इथे मी सहसा 'बँकिंग-इन्शुरन्स डोमेन' म्हणते. नातेवाईक तेवढ्यावर गप्प बसतात. याला डोमेन नको होतं. "कशावर म्हणजे, जावा, पायथन, टेस्टिंग?"

"कोबोल."

बँका-विमा कंपन्यांच्या जुन्या प्रोग्रॅमांची ही भाषा. नाव ऐकताच त्या माणसाचा चेहरा एकदम उजळला. माझ्या नोकरीचं नाव ऐकून आजवर कुणाचा चेहरा असा उजळला नव्हता, आईचासुद्धा. तो आत गेला, स्टुलावर चढला, गाइडांच्या ढिगामागून धुळीचा एक गठ्ठा ओढला आणि जाडजूड पिवळं पडलेलं पुस्तक फुंकर मारून माझ्यासमोर ठेवलं. आतल्या पानावर निळ्या शाईत कुणाचं तरी नाव, खाली 1998.

"नव्याण्णव सालापर्यंत हे पुस्तक आमच्याकडे टिकत नव्हतं. वडील गल्ल्यावर असायचे. संध्याकाळी क्लासवाली पोरं यायची, दुप्पट भाव द्यायची. त्यावर आम्ही शटर बसवलं, ताई. आधी फळ्या होत्या. मग 2000 उजाडलं, आणि तेव्हापासून हे इथं बसलंय. तुम्ही पहिल्याच." मग आवाज खाली आणून, "कोबोल नेता का, ताई? वीस रुपये लावतो."

तारीख-वार साठवताना वर्षाचे दोनच आकडे ठेवायची त्या जुन्या प्रोग्रॅमांची पद्धत, त्यामुळे 2000 आणि 1900 यांत गोंधळ होणार म्हणून सगळ्या जगाला कोबोल येणारी माणसं हवी होती. त्या लाटेत पुण्यातली कितीतरी पोरं अमेरिकेला गेली. एका दुकानाला शटर बसलं. आणि पंचवीस वर्षांनी, ही भाषा न शिकवणाऱ्या विद्यापीठातून पास होऊन, मी तिथे पोचले. 1959 साली पेंटागॉनमधल्या एका बैठकीपासून हिची सुरुवात झाली. माझे बाबाही तेव्हा जन्मले नव्हते. कंपनीने मला तीन महिने जावाचं ट्रेनिंग दिलं, मग 'बिझनेस नीड' म्हणून इकडे बसवलं. बाँड दोन वर्षांचा. मध्येच सोडलं तर ट्रेनिंगचा खर्च भरायचा. कुठल्या ट्रेनिंगचा? जावाच्या!

तर पुस्तक घ्यावं की नाही या विचारात मी असताना मागून आवाज आला, "ताई, तुम्ही कम्प्युटर केलंय का?"

एक गृहस्थ, पांढरा शर्ट, हातात प्लॅस्टिकची फाइल, सोबत मान खाली घालून मोबाइल बघणारा मुलगा. इंदापूरकडचे. मुलाला इंजिनिअरिंग प्रवेशाच्या पहिल्या फेरीत, कॅप राउंडला, ई अँड टीसी म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स लागलं होतं आणि बेटरमेंट घेऊन, म्हणजे पुढच्या फेरीच्या आशेवर, कम्प्युटरसाठी थांबायचं का, असा पेच होता. मी तोंड उघडायच्या आत पुस्तकवाल्याने मला पुढे केलं. "हे बघा ना, यांनी केलंय की कम्प्युटर. विचारा यांना."

"पॅकेज किती आहे?" गृहस्थांनी थेट हात घातला.

"साडेतीन."

"महिन्याला?"

"साडेतीन लाख, वर्षाला."

"म्हणजे हातात चोवीस-पंचवीस," पुस्तकवाला म्हणाला. अगदी बरोबर. माझ्या एचआरलाही हे इतक्या पटकन सांगता आलं नव्हतं.

गृहस्थांनी मनात हिशेब केला. "एवढे तर आमच्या दोन जर्सी गायी देतात."

"चारा, पेंड वजा करा ना," पुस्तकवाला माझ्या बाजूने सरसावला.

"मग यांचंही राहणं-खाणं वजा करा."

दोघांनी केलं. भर चौकात, पावसात, माझ्यादेखत. पीजीचे साडेआठ हजार, डबा, बसचा पास, मोबाइल. गायी पुढे निघाल्या. पुस्तकवाल्याने एक शेवटचा प्रयत्न म्हणून सांगितलं की गाय आजारी पडली तर डॉक्टरचा खर्च मालकाला, यांना कंपनीचा मेडिक्लेम असतो. गृहस्थ म्हणाले, आमच्याही गायींचा विमा आहे.

मग त्यांनी माझ्याकडे जरा मायेने बघितलं आणि विचारलं, "पण मग पुस्तकं का विकताय, पोरी?" यावर पुस्तकवाल्यालाही काही म्हणता येईना.

हसू मलाही आलं होतं. पण बसमध्ये बसल्यावर ते हसू कुजलं. माझा मावसभाऊ 2012 साली असाच कॅम्पसमधून लागला होता, सव्वातीन लाखांवर. मी 2024 साली साडेतीनवर. बारा वर्षांत पंचवीस हजारांची वाढ! त्या काळातल्या दरात आता वडापाव मिळत नाही आणि त्याच्या तेव्हाच्या भाड्यात वाकडला आज कॉटसुद्धा मिळायची नाही. 'शिकायला मिळतंय ना' हे वाक्य तर मला कुणी ऐकवूच नये. मी काय शिकले ते सांगते. रात्री अडीचला एक जॉब, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्रॅम, बंद पडतो, स्क्रीनवर एस-झिरो-सी-सेव्हन येतं. म्हणजे रकमेच्या रकान्यात आकडा हवा तिथे कुणीतरी कोरी जागा सोडली आहे. ती ओळ शोधायची, बाजूला काढायची, जॉब पुन्हा लावायचा, तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, बंद. अशा कोऱ्या जागा आतच येऊ नयेत म्हणून मूळ प्रोग्रॅममध्ये एक तपासणी टाकावी, असं मी सुचवलं होतं. उत्तर आलं, ते 'डेव्हलपमेंट' झालं, आपण 'सपोर्ट'. आणि हो, तिकिटाची मुदत उलटायला आली की ते 'युजरच्या उत्तराची प्रतीक्षा' या खान्यात टाकायचं, म्हणजे घड्याळ थांबतं. युजरला काय विचारायचं? काहीही. 'कृपया पुन्हा खात्री करावी.' हे कौशल्य मी बायोडेटात कुठल्या शब्दांत लिहू?

बाहेर इंटरव्ह्यूला गेलं की म्हणतात, रेलेव्हंट अनुभव नाही. आत रिलीज, म्हणजे या प्रोजेक्टमधून सुटका, मागितला की म्हणतात, तू गेलीस तर हे कोण बघणार? म्हणजे बाहेर मी कामाची नाही आणि इथे माझ्यावाचून अडतं. दोन्ही एकाच आठवड्यात ऐकून घ्यावं लागतं. शिवाय नोटीस पीरियड नव्वद दिवस. नव्वद दिवस थांबायला तयार असलेली कंपनी आणि स्थळ, दोन्ही दुर्मिळ.

पुस्तक मी घेतलं. वीस रुपयांत, एकशे सत्तरमधून वळते करून. त्याला नाही म्हणवेना. ते डेस्कवर ठेवलं होतं, खरं तर मॉनिटर उंच करायला, कारण स्टँडची विनंती मंजूर व्हायची आहे. मॅनेजरने जाता-येता ते बघितलं. थांबला. उचललं. "स्वतःच्या पैशांनी आणलंस?" मी हो म्हटलं. त्याच संध्याकाळी सगळ्या टीमला मेल: ओनरशिपचं उत्तम उदाहरण, सर्वांनी बोध घ्यावा. सोबत माझ्यासाठी बातमी, की पुढच्या फ्रेशर बॅचला कोबोल मी शिकवणार. रिलीजचं विचारलं तर म्हणाला, बॅच तयार होऊ दे, पुढच्या क्वार्टरला नक्की बघू. आता ट्रेनर म्हणूनही माझ्यावाचून अडणार, हे त्याच्या लक्षात आलं होतं की नाही कोण जाणे. माझ्या आलं.

बॅच आली. नवे कोरे आयडी कार्ड, नव्या कोऱ्या वह्या. पहिल्याच दिवशी मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला. "मॅम, आम्हाला ट्रेनिंग जावाचं दिलं, मग इथं हे का?"

मी त्याच्याकडे बघितलं आणि म्हटलं, "बिझनेस नीड."

त्याने ते वहीत लिहून घेतलं. खाली रेघही ओढली.