सगळ्यांना गांडूळच कशाला?

गळाने मासे पकडण्यावरच्या लेखात रोहू, कटला, शिंगाडा (मिशांवाला मासा) सगळ्यांना आमिष म्हणून सरसकट गांडूळच लावा म्हटलंय ते काय पटलं नाही. कटला वरवर चरणारा मासा, त्याच्यासाठी तळाला गळ टाकून दिवसभर बसलात तरी उपयोग नाही, फ्लोट (तरंगतं बूच) लावून आमिष वरच्या पाण्यात ठेवा, मृगळ नि सायप्रिनस (कॉमन कार्प) हे मासे मात्र तळातलेच. या माशांना शेंगदाण्याची पेंड नि कणीक घट्ट मळून गोळी करायची आणि थोडी पेंड आधीच त्या जागी टाकून ठेवायची, मग धीर धरा!! शिंगाड्याला वास लागतो, कोळंबी नाहीतर कोंबडीची कलेजी (दोऱ्याने बांधा, नाहीतर गळावरून सुटते), अंधार पडल्यावर, अगदी तळाला. पावसाळ्यात गाभोळीवाली मादी लागली तर सोडा राव. आणि शिंगाडा गळावरून काढताना जपून, पंखाचे काटे बेक्कार लागतात.