टॅबचा सातबारा

माझ्या नाकाच्या दांडीवर एक बारीक आडवी खूण आहे. कुणी विचारलं तर चष्म्याची आहे असं सांगतो. खरं म्हणजे रात्री साडेअकराला उताणं पडून वाचता वाचता डोळा लागला आणि ४८० ग्रॅमचा टॅब दीड वीत उंचीवरून तोंडावर आला, त्याची ती खूण आहे. पुस्तक तोंडावर पडतं ते पांघरुणासारखं. टॅब पाटासारखा पडतो. बायकोने आवाज ऐकून विचारलं, "लागलं का हो?" मी नाक धरून "थोडंसं" म्हणालो, तर म्हणाली, "तुम्हाला नाही, काचेला."

टॅब घेतला तो सातबाऱ्यापायी. संगमेश्वर तालुक्यात आमची अकरा गुंठे जमीन आहे आणि त्या अकरा गुंठ्यांना सत्तावीस हिस्सेदार आहेत. पूर्वी उतारा हवा तर आधी तलाठी गाठावा लागे, आणि तो दुसऱ्या गावाला गेलेला असे. आता डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत घरबसल्या मिळतो. मिळतो खरा, पण वाचायचा कशावर? फोनवर उघडला की एका वेळी एकतर काकांचं नाव दिसतं, नाहीतर त्यांच्यापुढचं क्षेत्र. नावावरून क्षेत्रावर सरकेपर्यंत ओळ चुकते आणि काकांचा हिस्सा आत्याच्या खात्यात जातो. आमच्या घराण्यात माणसं याहून बारीक कारणांवरून बोलायची बंद झालेली आहेत. लॅपटॉप ऑफिसचा, त्यात घरचं काही उघडलं की ऑफिसला कळतं अशी माझी समजूत. म्हणून टॅब.

दुकानातला मुलगा म्हणाला, "काका, साडेदहा इंची घ्या." मी घरून पट्टी नेली होती. आडवं मोजलं, साडेदहा भरेना. उभं मोजलं, आणखी कमी. तेव्हा त्याने समजावलं की हे माप कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकं धरायचं असतं. आमच्या गावात जमीन कुणी तिरकी मोजली असती तर आज हिस्सेदार सत्तावीस उरले नसते. मग साठवणुकीचं. खोक्यावर ६४ जीबी, चालू करून पाहिलं तर वापरायला पंचेचाळीसच्या आसपास; बाकीच्यात टॅबचं स्वतःचं बिऱ्हाड. हे मला लगेच समजलं. मी डोंबिवलीत फ्लॅट घेतलेला आहे. सुपर बिल्टअप आणि कार्पेट यांतला फरक मला कुणी शिकवायला नको.

टॅब अठरा हजारांचा. त्याला कव्हर, कव्हरला स्टँड, काचेवर आणखी एक काच, लिहायला पेन आणि "काका, कीबोर्ड घेतलात की हाच लॅपटॉप." चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला घेऊन मी सव्वीस हजारांना मोकळा झालो. कीबोर्डवर मराठी अक्षरं नाहीत हे घरी कळलं. पेन पहिल्या आठवड्यात सोफ्याच्या फटीत गेलं आणि अजून तिथेच असावं, कारण सोफा सरकवायचा तर आधी टीव्हीचं टेबल सरकवावं लागतं.

पण त्या रात्री उतारा उघडला आणि अख्खा गाव नमुना सात, म्हणजे सातबाऱ्यातलं नावांचं पान, एका नजरेत मावला. सत्तावीसच्या सत्तावीस नावं, पुढे आणे-पै, शेजारी क्षेत्र! सोळा आण्यांपैकी आजोबांचे दोन, आणि त्या दोन आण्यांत आम्ही सात जण. कॅलक्युलेटर उघडला. त्याची बटणं कॅरमच्या सोंगट्यांएवढी आहेत, त्यामुळे बेरीज करताना पाहुण्यांसमोर काहीतरी सिद्ध करून दाखवतोय असं वाटतं, पण निदान तो आहे. आयपॅडला स्वतःचा कॅलक्युलेटर मिळायला २०२४ उजाडलं. माझ्या वाट्याला आले साधारण वीस चौरस मीटर. आमच्या हॉलएवढे. तिथे काय उगवतं ते माहीत नाही, पण स्वतःचा हिस्सा स्वच्छ, न सरकवता वाचण्याचं सुख मी बावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा घेतलं. टॅबचे फायदे विचाराल तर हा एक मी कोर्टातही सांगेन.

२०१० मध्ये स्टीव्ह जॉब्जने पहिला आयपॅड लोकांपुढे धरला तेव्हा त्याचा सवाल होता की फोन आणि लॅपटॉप यांच्या मधे तिसऱ्या कुणाला जागा आहे का. हे त्याने डोंबिवलीकराला विचारायला हवं होतं. आम्ही तिघांच्या बाकावर चौथ्यालाही जागा देतो.

तर एकदा मी टॅब लोकलमध्ये नेला. नशिबाने बसायला मिळालेलं. आता पेपरचं एक बरं असतं, त्याची पानं सुटी होतात. खेळाचं पान समोरच्याला, बाजारभाव खिडकीवाल्याला, पुरवणी उभ्याला, आणि दादर आलं की सगळी पानं गोळा होऊन मालकाकडे परत. फार तर शब्दकोडं कुणी सोडवलेलं असतं. टॅबची पानं सुटी होत नाहीत. मग माणसंच त्याच्याकडे येतात. मी उतारा उघडला आणि कोपर स्टेशन जायच्या आत डाव्या खांद्यावर एक हनुवटी आली. समोर उभे असलेले गृहस्थ म्हणाले, "साहेब, जरा खाली धरता का, उजेड येतोय." मी धरला. न धरून काय करता?

"वाटप नाही केलंत अजून?" हनुवटीने विचारलं.

"नाही."

"सत्तावीस हिस्सेदार! जमीन महसूल कायद्याच्या कलम ८५ खाली तहसीलदाराकडे अर्ज टाका."

"अर्ज काय टाकताय," चौथ्या सीटवरचे म्हणाले, "सगळ्यांची संमती लागेल. त्यापेक्षा जमीन कसणारं कूळ कोण आहे ते बघा आधी." आणि त्यांनी सरळ हात लांब करून दोन बोटांनी माझा उतारा मोठा केला. "हे बघा, इतर हक्कात नाव आहे."

खरंच होतं. बारा वर्षांत आम्हा सत्तावीस जणांपैकी एकाच्याही ते लक्षात आलं नव्हतं. ठाणे येईपर्यंत आमच्या काकांच्या स्वभावाविषयी डब्याचं एकमत झालं होतं, आणि घाटकोपरला उतरताना हनुवटीवाले माझ्या खांद्यावर थोपटून म्हणाले, "उद्या फेरफारपण घेऊन या." दुसऱ्या दिवसापासून टॅब मी घरीच ठेवू लागलो.

घरी ठेवला, आणि तिथेच माझी वहिवाट संपली.

आई टॅबला पाटी म्हणते. "अरे, ती पाटी दे इकडे." तिला मोदक कसे करायचे हे कुणी शिकवायची गरज नाही, साठ वर्षं करतेय. ती व्हिडिओ बघते ते नावं ठेवायला. गणेशचतुर्थीच्या दिवशी तिने टॅब तांदळाच्या पिठीच्या डब्याला टेकवून उभा केला, "बघू तरी ही बया उकड कशी काढते," आणि परातीत उकड मळायला घेतली. नावं ठेवायला तिने व्हिडिओ थांबवला की तीस सेकंदांत पडदा काळा होत होता. बोटांना तूप, पाणी आणि उकड. म्हणून ती कोपराने टिचकी मारायची. कोपर चालतं; काचेला कातडी लागल्याशी कारण, ती कुठली हे विचारत नाही. एकदा दोन्ही हात परातीत गुंतलेले असताना तिने नाकानेसुद्धा चालू केला. मी पाहिलं, पण बोललो नाही. नाकाच्या बाबतीत मी बोलणारा कोण?

"एवढं पाणी? चिरणार पारी," ती त्या बयेला सांगत होती. इतक्यात मोदकपात्राची वाफ काचेवर बसली आणि तिचे थेंब झाले. त्या काचेला बोट आणि पाण्याचा थेंब यांतला फरक नीटसा कळत नाही, दोन्हींतून वीज जाते ना. थेंब घरंगळला, वाटेत त्याने काय काय दाबलं देव जाणे, आणि बाहेर मखरापुढे गुरुजी प्राणप्रतिष्ठेला बसलेले असताना स्वयंपाकघरातून खणखणीत आवाज आला, "नमस्कार मंडळी! आज आपण बघणार आहोत कुरकुरीत बोंबील रवा फ्राय!"

पाठोपाठ तेलात काहीतरी सोडल्याचा आवाज. आवाज बंद करायला आईने ओला हात लावला, तर तो मोठा झाला. मी धावत आत गेलो तेव्हा बोंबील पालथे घालण्याचं काम चाललं होतं आणि आई डोळे मिटून, हात वर धरून उभी होती. "याला आधी बाहेर ने," एवढंच म्हणाली. नंतर तिने विचारलं की पाटीवर गोमूत्र शिंपडलं तर चालेल का. वॉटरप्रूफ नाही, एवढ्याच कारणाने तो वाचला. गुरुजी मात्र आरती झाल्यावर हळूच म्हणाले, "चित्र फार स्पष्ट दिसतं हो. कितीला पडला?"

बायको टॅब शिंपिणीकडे घेऊन जाते. ब्लाउजचे मागचे गळे त्याच्यावर खऱ्या मापाचे दिसतात म्हणे. भाच्याच्या मुंजीत मी त्याच्याने फोटो काढायला गेलो तर मागच्या चार रांगा "अहो, परात खाली करा" म्हणून ओरडल्या. पैशाच्या कामाला तो आणखीच निरुपयोगी. त्याला सिम नाही, त्यामुळे बँकेचं ॲप त्याला ओळखत नाही. कसलं बिल भरायला बसलो की ओटीपी जातो फोनवर. मग एका हातात फोन, एका हातात टॅब. फक्त टाळ वाजवायचे बाकी असतात.

एक काम मात्र निर्विवाद माझ्या नावावर आहे, चार्जिंग. बरोबर आलेला चार्जर मुलीने हॉस्टेलवरच्या मैत्रिणीला दिला. जुन्या फोनच्या चार्जरने हा हत्ती सगळी रात्र चारा खातो. वायर एक मीटरची, प्लग कपाटाच्या मागे. म्हणजे वाचायचं तर कपाटाला खेटून, फरशीवर बसून. आईची मालिका ऐन रंगात आली आणि लाल रेघ दिसली की हाक मलाच येते. शेतसारा भरायची वेळ आली की सत्तावीस हिस्सेदारांत मी एकटा उरतो, अगदी तसंच.

गेल्या रविवारी टॅब दुपारचा मोकळा सापडला. म्हटलं, आता हिशेब लावूनच टाकू, ही पाटी वापरतं तरी कोण कोण! सेटिंगमध्ये बोटांच्या ठशांची यादी आहे. ती उघडायला पिन लागतो, तो क्लासला निघालेल्या मुलीने पटकन घालून दिला. पाच ठशांची सोय, पाचही जागा भरलेल्या. बोट १, बोट २, बोट ३... नाव कुणाचंच नाही. मुलीला विचारलं. ती चपला घालता घालता म्हणाली, "आजीची बोटं घासली गेली आहेत, बाबा, एका ठशाने उघडत नाही, म्हणून तिची तीन टाकलीयत. एक माझं, एक आईचं. थांबा, का एक तुमचं? आठवत नाही." आणि क्लासला गेली.

आईला तीन कशाला? घरमालकाच्या अधिकाराने मी बोट ३ काढून टाकलं, टॅब बंद केला आणि चहा ठेवायला गेलो. परत येऊन अंगठा लावला. नाही. पुसून लावला. नाही. पिन विचारू लागला. पिन मी ठेवला होता तो, माझ्या जन्मसालाचा, घातला. चूक. मुलीला फोन केला. मागे शिकवण्याचा आवाज येत होता. ती कुजबुजत म्हणाली, "पिन मागेच बदललाय बाबा, तो कुणालाही ओळखता येत होता. पण तुम्हाला टॅब कशाला हवाय?"

आई लसूण सोलत बसली होती. तिने मान वर न करता हात पुढे केला, करंगळी टेकवली, पाटी उघडली.

"हं, घे," म्हणाली. "सात वाजता परत आण. आणि चार्ज करून आण."